कोंबडीची अन्नपिशवी : आजार कसा ओळखावा, घरी काय करावे, काय टाळावे

आपल्या वस्तीतल्या पुष्कळ घरांच्या दाराशी चार-सहा कोंबड्या असतात. कुणाकडे गावरान, कुणाकडे गिरिराज किंवा वनराज, कुणी हौसेने कडकनाथही पाळतो. जागा थोडी, खर्च थोडा, आणि घरातली बाई स्वतःच्या हाताने सांभाळू शकेल असा हा जोडधंदा. एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम प्रथिने मिळतात. वाढत्या मुलाच्या ताटात रोज एक अंडे पडले तरी ती मोठी गोष्ट आहे. उरलेली अंडी विकून वही-पेनाचा, रिक्षाचा खर्च निघतो. म्हणून अंड्यावरची एक कोंबडी दगावली की घराला ते लगेच जाणवते.

अशा घरांत एक तक्रार नेहमी येते. कोंबडी कोपऱ्यात अंग फुगवून उभी आहे, दाणे टिपत नाही, मान सारखी ताणते आणि गळ्याखाली गोळा आलेला आहे. मग शेजारपाजारचे सल्ले सुरू होतात. एक म्हणतो तेल पाजा. दुसरा म्हणतो पाय धरून उलटी टांगा, सगळे बाहेर येईल. तिसरा ब्लेड आणि सुई-दोरा आणायला सांगतो. यातला एक सल्ला ठरावीक वेळी उपयोगी आहे. बाकीच्या दोन्हींनी कोंबडीचा जीव जाऊ शकतो. कोणती वेळ कशाची, हे ओळखण्यासाठी दवाखान्याचे यंत्र लागत नाही. सकाळी दाणे टाकण्याआधी कोंबडीच्या गळ्याखाली हात लावून पाहणे, एवढे पुरते. आजच्या पानात तेवढेच नीट शिकून घेऊ.

ही पिशवी कशासाठी असते?

कोंबडीला दात नाहीत. ती दाणा टिपते आणि गिळते. गिळलेला दाणा अन्ननलिकेतून खाली येऊन एका पिशवीत साठतो. मान संपते आणि छाती सुरू होते त्या जागी, कोंबडीच्या थोडी उजव्या बाजूला, कातडीच्या लगेच खाली ही पिशवी असते. हीच अन्नपिशवी. पशुवैद्यक तिला ‘क्रॉप’ म्हणतात.

येथे दाणा पचत नाही, फक्त साठतो आणि पाण्याने भिजतो. मग थोडा थोडा पुढे जातो. पुढच्या छोट्या पोटात त्याच्यावर आम्ल आणि पाचक रस पडतात. त्यानंतर तो पोहोचतो जाड मांसाच्या पोटात. चिकनच्या दुकानात कलेजीबरोबर जो पेटा मिळतो, तो म्हणजे हेच पोट. कोंबडीने टिपलेले बारीक खडे या पेट्यात असतात आणि जात्यासारखे दाणे भरडतात. म्हणून खडे खाणारी कोंबडी वेडी नसते. ती आपल्या जात्याची सोय करत असते.

यावरून तीन गोष्टी कळतात. पाणी कमी पडले तर पिशवीतला दाणा भिजत नाही. खडे मिळाले नाहीत तर पेट्यात भरडले जात नाही आणि मागचे सगळे तुंबते. आणि पुढे आतड्यात कुठेही अडथळा असला तरी फुगलेली दिसते ती पिशवीच. त्यामुळे गळ्याखाली गोळा दिसला म्हणजे दोष पिशवीतच आहे असे नसते.

दोन वेळा हात लावून पाहा

कोंबडी दिवसभर टिपत असते आणि अंधार पडण्याआधी पोटभर खाऊन घेते. रात्रभर ती शिदोरी हळूहळू पुढे सरकते. त्यामुळे संध्याकाळी पिशवी भरलेली आणि सकाळी रिकामी, हा निरोगी कोंबडीचा नियम.

संध्याकाळी पिशवी लिंबापासून लहान चेंडूएवढी असू शकते. तेवढ्यावरून घाबरू नये. खरी परीक्षा सकाळची. ती अशी करावी :

१. रात्री खुराड्यातले दाण्याचे भांडे काढून घ्या. पाणी राहू द्या. नाहीतर कोंबडी पहाटेच खाते आणि सकाळची तपासणी चुकते.

२. उजाडताना, दार उघडण्याआधी कोंबडी हातात घ्या. दोन्ही पंख अंगाशी धरून तिला काखेत घ्या. पायाला धरून लटकावू नका.

३. बोटांच्या टोकांनी मानेच्या खालची जागा हलकेच चाचपा. दाबू नका. टोमॅटो पिकला का हे जसे पाहतो, तेवढाच जोर.

४. लगेच छातीचे मधले हाडही चाचपा. दोन्ही बाजूंना मांस भरलेले असेल तर आजार ताजा आहे. हाड सुरीच्या पात्यासारखे हाताला लागत असेल तर कोंबडी बरेच दिवस उपाशी आहे.

५. चोच उघडून आत पाहा आणि वास घ्या. जिभेखाली दोरा अडकला आहे का तेही पाहा.

६. तिची रात्रीची विष्ठा पाहा. नेहमीसारखी बांधीव, वर पांढरी टोपी असलेली आहे, पाण्यासारखी आहे, की अजिबात नाही?

सगळ्या कोंबड्यांना आठवड्यातून एकदा असा हात लावण्याची सवय ठेवली, तर निरोगी पिशवी हाताला कशी लागते हे आपोआप कळते. मग आजारी पिशवी लगेच ओळखू येते.

सकाळी हाताला काय लागले?

सपाट, रिकामी पिशवी : ठीक आहे.

भरलेली आणि कडक, घट्ट मळलेल्या कणकेसारखी किंवा दगडासारखी : पिशवी अडकली आहे.

भरलेली पण मऊ, पाण्याने भरलेल्या फुग्यासारखी, तोंडाला आंबूस वास : पिशवी आंबली आहे.

मोठी, खाली लोंबणारी, चालताना झुलणारी : पिशवी सैल पडली आहे.

संध्याकाळीसुद्धा रिकामी : कोंबडी खातच नाही. दुसरा आजार शोधा. फक्त अंड्यांवर बसलेली खुडूक कोंबडी याला अपवाद आहे. ती दिवसातून एखादवेळच उठून खाते.

अडकलेली पिशवी

शेतावर मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीपेक्षा वस्तीतल्या कोंबडीला हा त्रास अधिक होण्याची कारणे आपल्या दाराशीच आहेत. शिलाईकाम करणाऱ्या घराबाहेर पडलेले दोरे आणि चिंध्या, विंचरलेल्या केसांचे गुंते, गोणीची सुतळी, गुटख्याच्या पुड्या, प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे तुकडे, संक्रांतीनंतर पडून राहिलेला मांजा. कोंबडीला किडा आणि दोरा यांतला फरक कळत नाही.

दुसरे कारण लांब गवत. जमिनीत रुजलेले गवत कोंबडी टोकाटोकाने तोडते. पण कापून टाकलेले लांब गवत किंवा कडबा ती आख्खा ओढून गिळते, आणि त्याचा पिशवीत दोरीसारखा गुंडाळा होतो. तिसरे कारण उपास आणि मग अधाशीपणा. दिवसभर डालग्याखाली कोंडलेल्या कोंबडीपुढे संध्याकाळी एकदम ढीग टाकला की ती भराभर गिळते. चौथे, उन्हाळ्यात रिकामे पडलेले पाण्याचे भांडे. आणि पाचवे, सिमेंटच्या गच्चीवर किंवा पिंजऱ्यात राहणाऱ्या कोंबडीला खडेच न मिळणे.

उपचार असा करावा :

पहिला दिवस. कोंबडी वेगळ्या खोक्यात ठेवा. खाली जुने कापड किंवा कागद घाला. भुसा किंवा गवत घालू नका, ती तेच खाईल. दाणे बंद, स्वच्छ पाणी समोर. श्वास नीट चालू असेल आणि तोंडाला आंबूस वास नसेल तरच पुढचे करा. बिनसुईच्या सिरिंजने किंवा ड्रॉपरने कोमट पाणी द्या. नळी चोचीच्या कडेला लावायची आणि एकावेळी दोन-चार थेंबच सोडायचे. तिने गिळले की पुढचे थेंब. असे करत चमचाभर पाणी पुरे. त्यातच एकदा अर्धा चमचा खाण्याचे तेल याच पद्धतीने देता येते. घाई करू नका. कोंबडीच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या लगेच मागे असते. एकदम ओतलेले तेल किंवा पाणी सरळ फुप्फुसात जाते आणि कोंबडी मिनिटांत मरते.

पाणी दिल्यावर थोड्या वेळाने पिशवी दोन्ही बाजूंनी बोटांत धरून अगदी हलके चोळा, जसा गूळ मोकळा करतो तसे. पाच मिनिटे चोळा, दिवसातून तीन-चार वेळा. गोळा वर तोंडाकडे ढकलायचा नाही, फक्त मोकळा करायचा. चोळताना कोंबडी तोंड उघडून श्वास घेऊ लागली तर लगेच थांबा.

दुसरा दिवस. सकाळी पुन्हा हात लावा. गोळा लहान व मऊ झाला असेल आणि विष्ठा पडली असेल तर गाडी पुढे सरकली. आता थोडे मऊ खाणे द्या : पाण्यात भिजवून लापशीसारखे केलेले कोंबडीचे खाद्य, किंवा शिजवून मऊ केलेल्या कण्या, दिवसातून चार वेळा, एकावेळी एक-दोन चमचे. चोळणे चालू ठेवा. पुढचे चार-पाच दिवस रोज सकाळी पिशवी रिकामी मिळाली की नेहमीच्या दाण्यावर या.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळा तसाच कडक असेल तर घरचा उपचार संपला. त्यापुढे कोंबडीला उपाशी ठेवू नका, दवाखान्यात न्या. दोरा, केस किंवा प्लॅस्टिकचा गुंता चोळून सुटत नाही. पशुवैद्यक जागा बधिर करून छोटी चीर देतात, गुंता काढतात, आणि पिशवी व कातडी वेगवेगळी शिवतात. तब्येत फार खालावण्याआधी कोंबडी पोहोचली तर ती यातून बरी होऊ शकते. म्हणून वेळ महत्त्वाची.

लहान पिल्लांना उपाशी ठेवू नये. पिल्लाची पिशवी तुंबली तर सरळ दवाखाना.

आंबलेली पिशवी

पिशवीतले अन्न पुढे गेले नाही की ते तिथेच आंबते. आंबलेल्या अन्नात कॅन्डिडा नावाची बुरशी वाढते. ही बुरशी थोड्या प्रमाणात निरोगी कोंबडीतही असते. पण शिळे, बुरसटलेले खाणे, घाण पाणी, अशक्तपणा, किंवा बरेच दिवस दिलेले अँटिबायोटिक यांमुळे ती माजते. अँटिबायोटिक जिवाणू मारते, बुरशी मारत नाही. उलट बुरशीला आवर घालणारे चांगले जिवाणू त्यात मरतात आणि तिला रान मोकळे मिळते. म्हणून आंबलेल्या पिशवीवर अँटिबायोटिकची पूड पाजणे म्हणजे आजाराला खतपाणी घालणे.

लक्षणे : पिशवी पाण्याच्या फुग्यासारखी मऊ, हलवल्यावर खळखळ, तोंडाला आंबूस घाणेरडा वास, वाकल्यावर चोचीतून पातळ पाणी गळणे. तोंडात, जिभेवर पांढरा थर दिसू शकतो.

काय करावे? कोंबडी वेगळी ठेवा. मोठ्या कोंबडीचे खाणे फक्त एक दिवस बंद, स्वच्छ पाणी चालू. येथे तेल पाजायचे नाही आणि पिशवी दाबायचीही नाही. पातळ पदार्थ वर येऊन श्वासनलिकेत जाण्याचा धोका सर्वात जास्त येथेच असतो. त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवा. बुरशीवर निस्टॅटिनसारखे वेगळे औषध असते आणि त्याची मात्रा वजनावर ठरते. ते औषध तोंडाने किती दिवस द्यायचे, हे डॉक्टर सांगतील तसेच पूर्ण करा. मोरचुदाचे पाणी पाजण्याचा जुना सल्ला कुणी दिला तरी अंदाजाने देऊ नका. मात्रा थोडी चुकली तरी मोरचूद विषच आहे.

औषध चालू असताना मऊ, ताजे खाणे थोडे थोडे द्या. पाव, साखर, गूळ, गोड बिस्कीट देऊ नका, बुरशी गोडावर पोसते. पाण्याची भांडी रोज घासून उन्हात वाळवा.

आणि कारण शोधा. पिशवी आधी अडकली होती आणि मग आंबली, असे अनेकदा होते. पाणी कमी झाल्यावर तळाशी कडक गोळा हाताला लागला तर ते डॉक्टरांना जरूर सांगा.

सैल पडलेली पिशवी

काही कोंबड्यांची पिशवी वारंवार तुंबून किंवा जन्मजात कमजोरीमुळे ताणली जाते आणि परत आकसत नाही. ती छातीखाली लोंबते आणि पूर्ण रिकामी होत नाही. हा आजार सहसा पूर्ण बरा होत नाही, पण कोंबडी सांभाळता येते. एकदम ढीगभर न टाकता दिवसातून चार-पाच वेळा थोडे, मऊ, भिजवलेले खाणे द्या. गवत देऊ नका. सकाळचा हात रोज लावा, कारण अशी पिशवी आंबण्याचा धोका कायम असतो. अशा कोंबडीची अंडी उबवणुकीला न ठेवणे बरे.

हे करू नका

उलटी टांगून पिळू नका. पिशवीतले पाणी घशात येते, श्वासनलिकेत शिरते आणि कोंबडी गुदमरते. ‘ओकून मोकळी झाली’ असे वाटते आणि तासाभरात ती मान टाकते, त्याचे कारण हेच.

ब्लेडने फाडू नका. आतली पिशवी आणि बाहेरची कातडी हे दोन वेगळे थर आहेत. घरच्या सुई-दोऱ्याने दोन्ही एकत्र शिवले जातात, अन्न बाहेर झिरपते, जखम सडते. भूल नसल्याने वेदना होतात त्या वेगळ्याच.

माणसांची औषधे देऊ नका. घरात उरलेली तापाची, जुलाबाची गोळी कुटून पाजणे बंद करा.

खाण्याचा सोडा, दारू, रॉकेल, तंबाखूचे पाणी यांपैकी काहीही पाजू नका.

पिशवी नव्हे, कोंबडीच आजारी असेल तर?

एकच कोंबडी आजारी, बाकीच्या ठणठणीत, आणि पिशवी कडक किंवा मऊ : हा बहुधा पिशवीचा त्रास. पण एकापाठोपाठ दोन-तीन कोंबड्या गप्प झाल्या तर पिशवी चोळत बसू नका. राणीखेत म्हणजे मानमोडी या रोगातही पिशवी पाण्याने भरलेली सापडते. त्याबरोबर हिरवट पातळ हगवण, तोंड उघडून घरघर श्वास, लुळे पडलेले पंख-पाय, वाकडी झालेली मान आणि झपाट्याने मर ही लक्षणे दिसतात. उपाशी कोंबडीची विष्ठाही हिरवट होते. म्हणून नुसत्या रंगावर जाऊ नका. किती कोंबड्या आजारी आहेत आणि श्वास कसा आहे, ते पाहा.

राणीखेत झाल्यावर त्यावर औषध नाही. लस आहे. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या डोळ्यात किंवा नाकात थेंब आणि सुमारे आठ आठवड्यांची झाल्यावर पंखाजवळ इंजेक्शन, असा साधारण क्रम असतो. पुढचे डोस पशुवैद्यक सांगतात. अडचण अशी की लसीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची येते, ती बर्फात ठेवावी लागते, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. चार कोंबड्यांसाठी एका घराला ते परवडत नाही. पण सगळ्या गल्लीने मिळून दिवस ठरवला तर एका कुपीत अख्ख्या वस्तीचे काम होते. विहारातल्या महिला मंडळाने किंवा बचत गटाने कोंबड्यांची मोजणी करून पशुवैद्यकीय दवाखान्यात यादी दिली, तर हे काम एका सकाळचे आहे.

देवी रोगात तुऱ्यावर फोड येतात, पण कधी घशात पिवळट खपल्या धरतात आणि कोंबडी गिळू शकत नाही. मरेक रोगात पिशवीची नस लुळी पडूनही पिशवी तुंबते. जंतांमुळेही अन्न अडते. हे घरी ओळखता येत नाही, तपासणीच लागते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवू. बर्ड फ्लूचा देशातला पहिला उद्रेक २००६ च्या फेब्रुवारीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. २०२१ च्या जानेवारीत परभणी जिल्ह्यात तो पुन्हा आढळला. म्हणून अचानक बऱ्याच कोंबड्या मेल्या, किंवा परिसरात कावळे मरून पडलेले दिसले, तर मेलेल्या पक्ष्यांना हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्याला किंवा नगरपालिकेला, ग्रामपंचायतीला त्याच दिवशी कळवा.

घरातल्या माणसांची काळजी

हे आरोग्याचे पान आहे, म्हणून हा भाग जरा ठासून सांगतो.

कोंबडी निरोगी दिसत असली तरी तिच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचे जिवाणू असू शकतात. त्यांनी माणसाला जुलाब, ताप होतो. लहान मुले, म्हातारी माणसे आणि गरोदर बाई यांना तो जास्त त्रास देतो. म्हणून कोंबडी हाताळल्यावर साबणाने हात धुवा. तोंडाचा वास घ्यायचा तो थोड्या अंतरावरून. कोंबडीसाठी वापरलेली सिरिंज, चमचा, भांडे वेगळे ठेवा, ते स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नका. आजारी कोंबडीचे खोके झोपायच्या खोलीत नको आणि मुलांच्या हाती नको. राणीखेत झालेली कोंबडी हाताळून डोळे चोळले तर माणसाचे डोळे येऊ शकतात.

आजारी कोंबडी ‘मरायच्या आत’ कापून खाण्याची पद्धत सोडली पाहिजे. शिजवल्यावर बहुतेक जंतू मरतात, पण धोका त्याआधी असतो : कापताना, पिसे काढताना, आतडी साफ करताना. बर्ड फ्लूची लागण माणसाला अशीच होते. शिवाय औषध चालू असलेल्या कोंबडीच्या मांसात आणि अंड्यांत ते औषध उतरते. किती दिवस अंडी खायची नाहीत, हे डॉक्टरांना विचारून घ्या आणि तितके दिवस ती विकूही नका. मनाने दिलेल्या अँटिबायोटिकमुळे औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि उद्या तेच औषध आपल्या मुलाच्या कामी येत नाही.

मेलेली कोंबडी नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नका. जागा असेल तर विहीर-बोअरपासून दूर दोन-तीन फूट खोल खड्डा करून, चुना टाकून पुरा. जागा नसेल तर दोन पिशव्यांत घट्ट बांधा आणि सफाई कर्मचाऱ्याला आत काय आहे ते सांगूनच द्या. त्याच्याही घरी मुले आहेत.

पुन्हा होऊ नये म्हणून

खुराड्याभोवतीचा भाग रोज झाडा. दोरे, केस, चिंध्या, प्लॅस्टिक एका डब्यात टाका. शिलाईकाम करणाऱ्या ताईंनी दिवसाच्या शेवटी दाराबाहेरचे दोरे उचलले तर शेजारच्याही कोंबड्या वाचतील.

हिरवा पाला बोटाच्या पेराएवढा चिरून द्या, किंवा जुडी बांधून टांगा, म्हणजे कोंबडी टोके तोडून खाईल.

दाणे दिवसातून दोनदा द्या. एका अंड्यावरच्या कोंबडीला दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागते. मोकळी फिरणारी गावरान कोंबडी त्यातला काही भाग स्वतः शोधते.

पाणी त्याच्या दुप्पट, म्हणजे सुमारे पाव लिटर. उन्हाळ्यात याहूनही जास्त. भांडे सावलीत ठेवा.

बंदिस्त कोंबड्यांसाठी वाटीत ज्वारीच्या दाण्याएवढे धुतलेले खडे ठेवा. शिंपल्याचा चुरा अंड्याच्या कवचासाठी चांगला, पण तो पोटात विरघळतो, खड्यांचे काम करत नाही. रंगाचे पापुद्रे असलेला बांधकामाचा कचरा खड्यांऐवजी टाकू नका, जुन्या रंगात शिसे असते.

बुरसटलेला पाव, आंबलेला भात, खारट शेव-फरसाण, लोणचे, पापड कोंबडीला नको. आपण खाणार नाही ते तिलाही घालू नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*कोरडे तांदूळ खाऊन पिशवी फुटते का?*
नाही. पाणी भरपूर असेल तर कोरड्या दाण्याने काही होत नाही. दाणे भिजवण्यासाठीच ती पिशवी आहे.

*एकीची पिशवी आंबली, बाकीच्यांना लागण होईल का?*
राणीखेतसारखी साथ पसरत नाही. पण पाणी आणि खाणे सगळ्यांचे एकच असेल तर कारणही सगळ्यांसाठी एकच असते. भांडी स्वच्छ करा आणि दुसऱ्या सकाळी सगळ्यांना हात लावून पाहा.

*एका कोंबडीसाठी दवाखाना परवडेल का?*
सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात फी नाममात्र असते आणि तिथे कोंबडीही तपासतात. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांक आहे. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. जवळ राहणाऱ्यांनी तिथेही चौकशी करावी. जाताना तीन गोष्टी सांगायला विसरू नका : सकाळी पिशवी कशी लागली, विष्ठा कशी आहे, आणि आतापर्यंत काय काय पाजले.

*डॉक्टर म्हणाले वाचणार नाही, मग?*
तर तिच्या वेदना लांबवू नका. शांतपणे शेवट करण्याचा उपाय डॉक्टरांकडे असतो, तो विचारा.

भिंतीवर लावून ठेवा

सकाळी रिकामी : ठीक.
सकाळी कडक : दाणे बंद, कोमट पाण्याचे थेंब, हलके चोळणे. दुसऱ्या सकाळीही कडक तर दवाखाना.
सकाळी पाण्यासारखी, आंबूस वास : तेल नाही, दाबणे नाही. त्याच दिवशी दवाखाना.
तोंड उघडून श्वास, किंवा दोनपेक्षा जास्त कोंबड्या आजारी : सगळे थांबवा, लगेच कळवा.
उलटी टांगणे, ब्लेड, माणसांची गोळी : कधीच नाही.
हात : प्रत्येक वेळी साबणाने.